बैठ्या खेळाची वाटचाल : सांगलीच्या पटापासून रियाधच्या पडद्यापर्यंत

मैदान नाही, घाम नाही, मग हा खेळ कसला? मोबाइलवर स्पर्धा खेळणाऱ्या मुलांना आज चुडाव्यासारख्या गावापासून मुंबईपर्यंत हाच प्रश्न विचारला जातो. महाराष्ट्रातील बुद्धिबळाने त्याचे उत्तर वादाने नव्हे, संस्था उभारून दिले.

सन १९४१ मध्ये भाऊसाहेब पडसलगीकर यांनी सांगलीत नूतन बुद्धिबळ मंडळाची स्थापना केली. तो काळ देशी पद्धतीचा. आजचे कॅसलिंग तिच्यात नव्हते. त्याऐवजी शह बसण्यापूर्वी राजाला एकदा घोड्याप्रमाणे उडी घेता येई. नियम प्रांतागणिक बदलत. आंतरराष्ट्रीय नियम रुजवणे हेच मोठे काम होते. हात लावलेले मोहरे खेळलेच पाहिजे, चाल लिहिलीच पाहिजे आणि दोन तबकड्यांच्या घड्याळातील निशाण पडले की डाव गेला, मग पटावर वजीर जास्त का असेना! या शिस्तीने विरंगुळ्याची स्पर्धा झाली. बुद्धिबळ काही प्रेक्षकांची गर्दी खेचणारा खेळ नव्हे. स्पर्धा चालत त्या कार्यकर्ते, पंच आणि स्थानिक देणगीदार यांच्या बळावर. पडसलगीकरांना ‘बुद्धिबळ भीष्माचार्य’ म्हटले जाते, ते उगीच नाही.

१९५१ मध्ये अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला. १९६१ मध्ये मॅन्युएल एरन यांना अर्जुन पुरस्कार मिळाला आणि शासनदरबारी खेळ म्हणून बुद्धिबळाची नोंद झाली. १९७४ मध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंती खाडिलकर यांनी जिंकली. त्यांची बहीण रोहिणी १९७६ मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा वादळ उठले. अखेर महिलांना अडवता येणार नाही, असा निर्वाळा जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांना द्यावा लागला. सांगलीच्या स्वाती घाटे २००४ मध्ये महिला ग्रँडमास्टर झाल्या. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची मान्यता १९९९ ची, तर आशियाई स्पर्धेतील प्रवेश २००६ च्या दोह्याचा. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा ‘हा खेळ आहे का’ असे कोणी विचारले नाही.

ई-स्पोर्ट्सने, म्हणजे पडद्यावरच्या स्पर्धात्मक खेळांनी, हेच टप्पे झपाट्याने ओलांडले. २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत प्रात्यक्षिक झाले, तिथे तीर्थ मेहताने कांस्य मिळवले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने हा विषय क्रीडा विभागाकडे सोपवला. पुढच्या वर्षी हांगझोऊला तो पदकाचा खेळ झाला. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सला वेगळे काढून मान्यता दिली. त्याच सुमारास रियाधच्या ई-स्पोर्ट्स विश्वचषकात चक्क बुद्धिबळ खेळले गेले. मॅग्नस कार्लसन जिंकला.

फरक एकच, पण मोठा. बुद्धिबळाचा कोणी मालक नाही; ई-स्पोर्ट्सचा खेळ मात्र कंपनीच्या मालकीचा असतो. जुलै २०२२ मध्ये बीजीएमआय हा ई-स्पोर्ट्समधला मोबाइल खेळ भारतातील ॲप दुकानांतून हटवला गेला, तो २०२३ च्या मे महिन्यातच परतला. तोवर खेळाडूंची अवस्था पट काढून घेतलेल्या बुद्धिबळपटूंसारखी झाली. कौशल्य, सराव, पंच, पदक या कसोट्यांवर ई-स्पोर्ट्स हा खेळ आहेच. त्याला अजून गरज आहे ती कंपनीच्या मर्जीवर न चालणाऱ्या, गावोगावच्या मंडळांची.