थेंब-सोरायसिस (गटेट सोरायसिस)

घशाच्या जंतुसंसर्गापाठोपाठ अंगावर अचानक उठणारा सोरायसिसचा प्रकार. मुले व तिशीच्या आतल्या तरुणांत तो अधिक आढळतो. लॅटिन ‘गुट्टा’ म्हणजे थेंब. पोट, पाठ, दंड, मांड्या यांवर शिंतोडे उडावेत तसे २ ते १० मिलिमीटरचे, बारीक खवल्यांचे ठिपके येतात. पुस्तकांत त्यांचा रंग लाल सांगतात. सावळ्या कातडीवर मात्र ते जांभळट किंवा तपकिरी दिसतात आणि नायटा समजून भलतेच मलम चोळले जाते.

मूळ असते घशात. टॉन्सिलच्या सुजेनंतर सोरायसिस उठल्याची नोंद १९१६ मध्येच झाली होती. स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस हा जंतू घशाला लागला, की एक ते तीन आठवड्यांनी ठिपके दिसू लागतात. तोवर घसादुखी विसरलेली असते. ठिपक्यांत जंतू नसतो. टॉन्सिलमध्ये त्याच्याशी लढायला सज्ज झालेल्या टी-पेशी कातडीत उतरतात. जंतूच्या एम-प्रथिनाचे काही भाग कातडीतल्या केराटिनसारखे असल्याने त्या स्वकीयांवरच उलटतात, असे मानले जाते. एरवी महिनाभरात पृष्ठभागावर येणाऱ्या पेशी मग काही दिवसांतच वर येतात आणि खवले धरतात. घसा अनेकांचा दुखतो, ठिपके थोड्यांनाच येतात. त्यांच्यापैकी बहुतेकांत एचएलए-सी ०६:०२ हा जनुकप्रकार सापडतो.

जळगावच्या मेहरूणची बोरे हिवाळ्यात बाजारात येतात. बोरे खाऊन घसा धरला आणि मग अंगावर उष्णता उठली, अशी संगती घरात सहज लावली जाते. बोरांचा यात काहीही दोष नाही. जंतू पसरतो खोकल्या-शिंकांच्या तुषारांतून आणि निकट सहवासातून. ठिपके मात्र कोणालाच लागत नाहीत. अशा मुलाला शाळेत वेगळे बसवणे हा निव्वळ अन्याय आहे.

निदानात मागच्या महिन्यातल्या घसादुखीची चौकशी सर्वांत मोलाची. जोडीला घशातील स्रावाची तपासणी व रक्तातील एएसओ चाचणी. लहान मुलांत हाच संसर्ग गुदद्वाराभोवतीही असू शकतो, तेही पाहावे लागते. ठिपके बहुधा तीन-चार महिन्यांत ओसरतात. साधारण एकतृतीयांश रुग्णांत पुढे चट्ट्यांचा दीर्घकालीन सोरायसिस होतो. स्निग्ध मलमे, डॉक्टरांनी ठरवून दिलेले स्टेरॉइड मलम आणि गरजेप्रमाणे अतिनील किरणांचे उपचार देतात. प्रतिजैविकाने ठिपके लवकर जातात, असे सिद्ध झालेले नाही. तरी घशात जंतू आढळल्यास प्रतिजैविकाचा पूर्ण क्रम घ्यावाच लागतो, कारण हाच जंतू संधिवाती तापामार्फत हृदयाच्या झडपा निकामी करू शकतो.