माळ्यावरचा साक्षीदार

शाळेतील छळाचा इतिहास सहसा लिहिला जात नाही. मारणारे विसरतात, मार खाणारे बोलत नाहीत. उरतो तो पाहणारा. अशा एका पाहणाऱ्या मुलाची कथा रॉबर्ट मुसील याने १९०६ साली कादंबरीरूपाने लिहिली. मोरेव्हियातील लष्करी शाळेत त्याने स्वतः १८९४ ते १८९७ अशी वर्षे काढली होती.

बासिनी नावाचा विद्यार्थी पैसे चोरतो. रायटिंग व बाइनेबर्ग यांना ते कळते. शिक्षकांस न सांगता ते त्याला माळ्यावर नेऊन गुलामासारखे वागवितात. टोर्लेस त्याला मारीत नाही, त्यांना अडवीतही नाही. अखेर सारा वर्ग बासिनीवर तुटून पडतो.

१९६६ साली फोल्कर श्लोन्डोर्फने यावर आपला पहिला मोठा चित्रपट काढला. कृष्णधवल, अतिशय संथ. त्या संथपणामुळे प्रेक्षकही टोर्लेसशेजारी नुसता पाहत बसतो.

मधल्या साठ वर्षांत हिटलरची राजवट होऊन गेली होती. १९३८ साली मुसीलने ऑस्ट्रिया सोडले. १९४२ साली तो जिनीव्हात वारला. चित्रपटात हिटलरचे नाव नाही. चौकशीला बसलेल्या शिक्षकांना टोर्लेस एवढेच सांगतो, की चांगले आणि वाईट यांच्यामध्ये भिंत नसते. साधी माणसेही भयंकर कृत्ये करतात. गुरुजनांना ते उमगत नाही.

आम्हां मास्तरांना वर्गातला गोंगाट तेवढा ऐकू येतो. वर्ग गप्प असला की आम्ही समाधानाने पुढचा धडा काढतो.