हिरवळ कापणारे यंत्र आणि एक निर्लेखन

जुने कागद चाळताना परवा एका निर्लेखन प्रस्तावाची प्रत हाती लागली. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत उत्तर भारतातील एका जिल्ह्यात असताना मी त्यावर सही केली होती. सरकारी बंगल्याच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये ‘गवत कापण्याचे यंत्र, विलायती, हाताने ढकलण्याचे, नग १’ अशी नोंद होती. पुढे शेरा होता, ‘दुरुस्तीयोग्य नाही.’ यंत्र न पाहताच मी सही केली. पुढे त्याचा इतिहास वाचत गेलो, तेव्हा आपण काय मोडीत काढले ते हळूहळू कळू लागले.

हे यंत्र बागेत जन्मले नाही, कापडगिरणीत जन्मले. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायर परगण्यात स्ट्राउडच्या परिसरात लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. कापडावर उभी राहिलेली लव एकसारखी छाटण्यासाठी तिथे फिरत्या पात्यांची यंत्रे वापरीत. ही यंत्रे जवळून पाहिलेल्या एडविन बडिंग नावाच्या कारागिराला वाटले, की कापडावरची लव छाटता येते, तर जमिनीवरचीही छाटता यावी. तोवर हिरवळी लांब दांड्याच्या कोयत्याने कापल्या जात, त्याही पहाटे, गवतावर दव असेतोवर. त्याला निष्णात हात लागत. बडिंगला ३१ ऑगस्ट १८३० रोजी पेटंट मिळाले.

रचना वरकरणी साधी आहे. मागचा रूळ जमिनीवर फिरतो, दातेरी चाकांमधून ती गती पुढच्या दंडगोलाला मिळते आणि तो रुळापेक्षा कितीतरी वेगाने फिरतो. दंडगोलावरची पाती सरळ नसून मळसूत्रासारखी पिळलेली असतात. खाली एक स्थिर पाते असते. पिळामुळे फिरते पाते स्थिर पात्याला एका वेळी एकाच बिंदूवर भेटते आणि तो बिंदू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जातो. म्हणजे ही अखंड चालणारी कात्रीच. सारे कौशल्य दोन पात्यांमधील अंतरात असते आणि ते अंतर स्क्रूंनी जुळवतात. कागदाची पट्टी मध्ये धरून दंडगोल हाताने फिरवावा. पट्टी सर्वत्र स्वच्छ कापली गेली, तर यंत्र ठीक.

आता प्रशासनाचा भाग. त्या काळी इंग्लंडमध्ये पेटंटचा अर्ज एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरे, ठिकठिकाणी शुल्क भरावे लागे आणि राजाची सही दोनदा घ्यावी लागे. नुसत्या इंग्लंडपुरता खर्च शंभर पौंडांच्या घरात जाई. स्कॉटलंड आणि आयर्लंडचा वेगळा. चार्ल्स डिकन्सने १८५० मध्ये या हेलपाट्यांवर एक कथाच लिहिली. सर्व काम एका कार्यालयात आणणारा कायदा १८५२ मध्ये झाला. बडिंगच्या वेळी मात्र कारागिराला धनी शोधणे भाग होते. तो जॉन फेराबी या ओतशाळेच्या मालकाच्या रूपाने मिळाला. खर्च त्याने उचलला. बनवण्याचे, विकण्याचे आणि परवाने देण्याचे हक्कही त्याच्याकडे गेले. १८३२ मध्ये इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीने असा परवाना घेतला.

पहिली यंत्रे एकोणीस इंच रुंद, लोखंडी आणि जड होती. एकाने मागून ढकलायचे, दुसऱ्याने पुढून ओढायचे. लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालय आणि ऑक्सफर्डची महाविद्यालये ही सुरुवातीची गिऱ्हाइके. सामान्य घरात यंत्र पोचायचे, तर ते हलके आणि शांत व्हायला हवे होते. लीड्सच्या थॉमस ग्रीनने १८५९ मध्ये दातेरी चाकांऐवजी साखळी बसवली आणि खडखडाट कमी झाला. अमेरिकेत इंडियाना राज्यातील रिचमंड येथे एल्वुड मॅग्वायरने १८७० मध्ये हलके, सुटसुटीत यंत्र बनवले. हळूहळू घरगुती यंत्रांत रूळ जाऊन दोन बाजूंची चाके आली. मागे ओढताना जी कटकट ऐकू येते, ती त्यांच्यातल्या खिटीची. चाकांच्या यंत्राला वाफ्याच्या अगदी कडेचे गवत कापता येत नाही, कारण चाक कडेवरून खाली उतरते. म्हणून रुळाची यंत्रेही टिकली. हिरवळीवर दिसणारे फिके-गडद पट्टे रूळच उमटवतो.

सद्गृहस्थांनी यंत्र स्वतः चालवल्यास करमणूक आणि व्यायाम दोन्ही होतील, असे बडिंगने सुचवले होते. आपल्याकडच्या बंगल्यांत ढकलणारा हात माळ्याचाच राहिला. भारतातील पहिला पेटंट कायदा १८५६ चा. त्याखालील पहिला अर्ज कोलकात्याच्या जॉर्ज अल्फ्रेड डीपेनिंगने केला, तो पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी! गोऱ्या साहेबांच्या डोक्यावरचा पंखा त्यानंतरही कित्येक दशके माणसेच ओढत होती.

लिलावाच्या दिवशी मी ते यंत्र प्रथमच पाहिले. माळ्याने वर्तमानपत्राची पट्टी पात्यांमध्ये धरून दंडगोल फिरवला. डावीकडे कागद कापला गेला, उजवीकडे नुसताच दुमडला. “साहेब, एका बाजूने सैल झालंय, एवढंच. स्क्रू गंजलेत,” तो म्हणाला. तेल आणि धार लावायची पेस्ट त्याने दोनदा मागितली होती. दुरुस्तीसाठी तरतूद नाही, असे त्याला भांडारातून सांगण्यात आले. बोली पुकारून झाली होती. फेरप्रस्तावासाठी लिलाव थांबवणे मला शक्य होते. मी तो थांबवला नाही.

यंत्र भंगार म्हणून वजनावर गेले. पुढच्या पावसाळ्यात चार मजूर ओळीने उकिडवे बसून विळ्यांनी तीच हिरवळ कापत होते. त्यांची मजुरी आकस्मिक खर्चातून निघे. त्याला तरतूद होती.