रहस्यकथा, भरतकाम-विणकामविषयक

रहस्यकथा, भरतकाम-विणकामविषयक : विणकाम, भरतकाम, क्रोशाचे काम, गोधडीकाम इ. सुईदोऱ्याच्या कलांभोवती कथानक गुंफलेला, प्रामुख्याने इंग्रजी भाषेतील रहस्यकादंबरीचा एक उपप्रकार. इंग्रजीत ‘कोझी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सौम्य रहस्यकथेची ही एक शाखा होय. कोझीमध्ये खून होतो. परंतु त्याचे रक्तरंजित वर्णन टाळलेले असते. घटनास्थळ एखादे खेडे अथवा लहान नगर असते आणि शोध घेणारी व्यक्ती पोलीस खात्यातील नसून बहुधा त्याच वस्तीतील एखादी स्त्री असते. चहाची किटली ऊबदार राहावी म्हणून तिच्यावर घालावयाच्या विणलेल्या टोपडीसही इंग्रजीत कोझी असेच म्हणतात, ही गोष्ट या शाखेच्या बाबतीत सूचक म्हणावी लागेल. या कादंबऱ्यांचा वाचकवर्ग मोठा व निष्ठावंत आहे. समीक्षकांनी मात्र त्यांच्याकडे बव्हंशी दुर्लक्षच केले. घरकामातील जे ज्ञान क्षुल्लक म्हणून बाजूस सारले जाते, तेच येथे गुन्ह्याचा उलगडा करते. या कादंबऱ्यांच्या आकर्षणाचे मूळ येथेच शोधावे लागते.

सूत आणि शोध यांचा संबंध भाषेतच रुजलेला आहे. तपासातील दुवा या अर्थाचा ‘क्लू’ हा इंग्रजी शब्द मुळात सुताच्या गुंड्याचा वाचक होता. क्रीटमधील भुलभुलैयातून बाहेर पडता यावे म्हणून ॲरिआड्नीने थीसियसला सुताचा गुंडा दिला, या ग्रीक कथेवरून त्याला आजचा अर्थ आला. मराठीतही तपासाचे ‘धागेदोरे’ हाती लागतात, प्रकरणाचा ‘गुंता’ होतो आणि पुढे त्याचा ‘उलगडा’ होतो. ओव्हिडच्या (इ. स. पू. ४३–इ. स. १७) मेटॅमॉर्फसिस या काव्याच्या सहाव्या सर्गातील फिलोमीलाची कथा तर सुताने दिलेल्या साक्षीचीच कथा आहे. टीरियस राजा तिच्यावर बलात्कार करतो आणि तिने बोलू नये म्हणून तिची जीभ छाटतो. ती मागावर आपली हकीकत विणते आणि ते वस्त्र बहिणीकडे पाठविते. याच कथेवरील सॉफोक्लीझच्या आज लुप्त झालेल्या नाटकात मागावरील धोट्यालाच वाचा फुटल्याची कल्पना होती, असे ॲरिस्टॉटलच्या काव्यशास्त्रातील उल्लेखावरून कळते.

आधुनिक कादंबरीत या कल्पनेचे भयकारी रूप चार्ल्स डिकिन्झच्या (१८१२–७०) ए टेल ऑफ टू सिटीझ (१८५९) या कादंबरीत आढळते. तीतील मादाम दफार्झ ही पॅरिसमधील मद्यविक्रेत्याची पत्नी ज्यांचा वध व्हावयाचा त्यांची नावे सांकेतिक टाक्यांनी आपल्या विणकामात नोंदवून ठेवते. दुकानात येणाऱ्या हेरालाही सुया हलताना दिसतात. त्या काय लिहीत आहेत हे मात्र त्याला वाचता येत नाही. चौकस प्रौढ स्त्रीला तपासकाचे काम देण्याचा मान ॲना कॅथरिन ग्रीन (१८४६–१९३५) या अमेरिकन लेखिकेकडे जातो. तिच्या दॅट अफेअर नेक्स्ट डोअर (१८९७) या कादंबरीतील अमेलिया बटरवर्थ ही अविवाहित, सुखवस्तू गृहस्थ स्त्री पुढील सर्व प्रौढ शोधक स्त्रियांची पूर्वज ठरते.

या शाखेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची कृती मात्र रहस्यकथालेखकाची नव्हे, तर सूझन ग्लास्पेल (१८७६–१९४८) या अमेरिकन नाटककर्तीची आहे. तिच्यामागे प्रत्यक्ष घडलेला एक खून आहे. डिसेंबर १९०० मध्ये आयोवा राज्यातील इंडियनोला गावाजवळ जॉन हॉसॅक या शेतकऱ्याचा तो रात्री अंथरुणात असताना कुऱ्हाडीने खून झाला. त्याच अंथरुणात झोपलेल्या मार्गारेट या त्याच्या पत्नीने आपण मारेकऱ्याला पाहिले नाही, असे सांगितले. त्या वेळी दे मॉइन येथील एका दैनिकाची तरुण वार्ताहर असलेल्या ग्लास्पेलने या प्रकरणाचे वृत्तांत लिहिले. १९०१ साली केवळ पुरुषांच्या ज्यूरीने मार्गारेटला दोषी ठरविले. १९०२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि १९०३ च्या फेरसुनावणीत ज्यूरीचे एकमत न झाल्याने ती अखेर सुटली.

हे प्रकरण ग्लास्पेलच्या मनातून गेले नाही. १९१६ साली तिने त्यावर ट्रायफल्स (क्षुल्लक गोष्टी) ही एकांकिका लिहिली आणि पुढील वर्षी त्याच कथानकाची ‘अ ज्यूरी ऑफ हर पिअर्स’ ही कथा प्रसिद्ध केली. कथेत नवरा गळ्याला दोर आवळून मारला गेला आहे आणि पत्नी मिनी राइट कोठडीत आहे. शेरीफ, सरकारी वकील आणि शेजारी शेतकरी हे पुरुष घरात व गोठ्यात खुनाचे कारण शोधीत हिंडतात. शेरीफची व शेजाऱ्याची बायको स्वयंपाकघरात थांबतात. तेथे त्यांना मिनीची अर्धवट राहिलेली गोधडी दिसते. तिचे सर्व चौकोन सुबक, एकसारख्या टाक्यांनी शिवलेले आहेत. शेवटच्या एकाच चौकोनावरील टाके वेडेवाकडे पडले आहेत. शिवणाऱ्या दोघींना त्यावरून जे कळते ते पुरुषांना कळणे शक्य नाही : हा हात त्या दिवशी थरथरत होता. शिवणाच्या पेटीत त्यांना रेशमी तुकड्यात गुंडाळलेला, मान पिरगाळलेला कॅनरी पक्षी सापडतो आणि पुरुषांना हवे असलेले कारण त्यांच्या हाती येते. तोवर शेजारीण ते वाकडे टाके उसवून नीट घालू लागलेली असते. गोधडीचे थर धावदोऱ्याने शिवावयाचे की मधूनमधून गाठी मारून धरावयाचे, याविषयी त्या बोलत असताना पुरुषांनी त्यांची थट्टा केलेली असते. कथेच्या शेवटी सरकारी वकील तोच प्रश्न थट्टेने पुन्हा विचारतो. गाठी मारावयाच्या, हे उत्तर त्याच्या कानांवर पडते. दोराच्या गाठीकडे त्याचे लक्ष जात नाही. पक्षी तोवर शेजारणीच्या कोटाच्या खिशात गेलेला असतो.

कथेच्या शीर्षकातील ‘तिच्या बरोबरीच्यांची ज्यूरी’ हा कायद्यातील शब्दप्रयोग येथे उपरोधाने आला आहे. त्या काळी आयोवातील स्त्रियांना ज्यूरीत बसण्याचा अधिकार नव्हता. ज्यांना पुरावा वाचता येत होता, त्यांना न्याय करण्याची मुभा नव्हती. दोघींनी पुरावा दडविणे योग्य होते काय, हा प्रश्न ग्लास्पेलने उघडाच ठेवला. प्रस्तुत शाखेतील पुढील कादंबऱ्यांपैकी फारच थोड्या या प्रश्नाजवळ गेल्या आहेत.

इंग्लंडमध्ये या धाग्याला वेगळे वळण मिळाले. ॲगाथा ख्रिस्ती (१८९०–१९७६) हिची मिस मार्पल प्रथम डिसेंबर १९२७ मध्ये द रॉयल मॅगझीनमधील एका कथेत अवतरली. ही कथा पुढे द थर्टीन प्रॉब्लेम्स (१९३२) या संग्रहात समाविष्ट झाली. तीत मिस मार्पलच्या घरी जमलेली मंडळी दर मंगळवारी एकेक अनुत्तरित प्रकरण सांगण्याचे ठरवितात. त्यांत स्कॉटलंड यार्डचे निवृत्त आयुक्त, वकील व धर्मोपदेशक आहेत. मंडळातील सभासदांची मोजदाद करताना कोपऱ्यात पांढरी लोकर विणीत बसलेली यजमानीण सर्वांच्याच नजरेतून सुटते. प्रकरण मात्र तीच सोडविते आणि तेही घरगुती माहितीच्या बळावर. केक व गोड पदार्थांवर पेरावयाच्या रंगीत साखरदाण्यांना इंग्रज घरांत ‘शेकडो नि हजारो’ अशा अर्थाचे नाव आहे. पत्रातील हे शब्द इतरांना पैशाच्या रकमेसारखे वाटलेले असतात. पट्रिशिया वेंटवर्थ (मृत्यू १९६१) हिची मिस सिल्व्हर ही निवृत्त शिक्षिका तर व्यवसायानेच खासगी तपासनीस आहे. ग्रे मास्क (१९२८) पासून बत्तीस कादंबऱ्यांतून ती नात्यातील मुलांसाठी लोकरीचे कपडे विणीत राहते. विणणाऱ्या बाईसमोर माणसे सैलावतात आणि नको ते बोलून जातात, हे दोन्ही लेखिकांनी अचूक हेरले होते. सुयांवर हात सरावला की डोळे व कान मोकळे राहतात, आणि विणणाऱ्या व्यक्तीने गप्प बसण्याचे कोणाला वावगेही वाटत नाही.

विणकाम आणि तपास यांत आणखी एक खोल साम्य आहे. भरतकाम उसवले तर कापडावर खुणा राहतात. लोकरीची वीण मात्र चुकलेल्या ओळीपर्यंत उसवून त्याच लोकरीने पुन्हा विणता येते. गळलेला टाका लगेच दिसून येत नाही. काही ओळी पुढे गेल्यावर वीण सैल पडते आणि मग मागे जाऊन तो शोधावा लागतो. ख्रिस्तीच्या द मिरर क्रॅक्ड फ्रॉम साइड टू साइड (१९६२) या कादंबरीच्या प्रारंभी दृष्टी मंदावल्यामुळे वृद्ध मिस मार्पलच्या हातून टाके गळू लागले आहेत. तिचे दुःख वार्धक्याचे आहे, तसेच आपल्या तपासशक्तीविषयीच्या शंकेचेही आहे. अ कॅरिबिअन मिस्टरी (१९६४) मध्ये हीच वृद्धा मऊ गुलाबी लोकरीच्या शालीत डोके गुंडाळून मध्यरात्री एका धनिकाला उठविते आणि आपण सूडदेवता नेमेसिस असल्याचे सांगते.

अशा कथांवर कठोर टीकाही झाली. रेमंड चँडलरने १९४४ मधील एका निबंधात शिष्ट घरांतील कृत्रिम खुनांची खिल्ली उडविली. उलट, डब्ल्यू. एच्. ऑडन या कवीने १९४८ मध्ये असे प्रतिपादन केले, की खुनाने भंगलेली निष्पापता गुन्हेगाराच्या शोधाने पुन्हा प्रस्थापित होते आणि वाचकाला हवे असते ते हेच. ऑडनचे विवेचन ख्रिस्तीच्या कथांना उत्तम लागू पडते. ग्लास्पेलच्या कथेला ते लावता येत नाही. तेथे फाटलेले पुन्हा सांधले जात नाही.

सुईकाम हाच कथेचा व्यवसाय असलेल्या कादंबऱ्यांचे युग १९९० नंतर अमेरिकेत सुरू झाले. स्वयंपाकाच्या कृती छापणाऱ्या रहस्यकादंबऱ्या त्याआधीच लोकप्रिय झाल्या होत्या. अर्लीन फाउलर हिने फूल्स पझल (१९९४) पासून प्रत्येक कादंबरीला गोधडीच्या एकेका पारंपरिक नमुन्याचे नाव दिले. तिच्या मरिनर्स कंपस (१९९९) हिला सौम्य रहस्यकथांसाठीचा ॲगाथा पुरस्कार मिळाला. मोनिका फेरिस (मूळ नाव मेरी मोनिका पुल्व्हर) हिच्या मालिकेतील पहिली कादंबरी क्रूअल वर्ल्ड (१९९९) ही होय. लोकरी धाग्याच्या भरतकामाचे इंग्रजी नाव आणि ‘क्रूर’ या अर्थाचा इंग्रजी शब्द यांचा उच्चार सारखाच असल्याने शीर्षकात श्लेष साधला आहे. मिनेसोटातील एक्सेल्सियर या गावी बेट्सी डेव्हनशर आपल्या बहिणीकडे येते. बहिणीचा तिच्या भरतकाम-साहित्याच्या दुकानात खून होतो आणि ते दुकान बेट्सीकडे येते. फ्रेम्ड इन लेस (१९९९) मध्ये सरोवरातून वर काढलेल्या जुन्या बोटीत सांगाडा सापडतो व लेसचा अवशेष हा तपासातील दुवा ठरतो. २०१६ पर्यंत ही मालिका चालली. मॅगी सेफ्टन हिच्या निट वन, किल टू (२००५) पासून सुरू झालेल्या मालिकेची नायिका हिशेबनीस असून मावशीच्या खुनानंतर ती विणकाम शिकते. त्या सुमारास अमेरिकेत तरुण स्त्रियांमध्ये विणकामाचे पुनरुज्जीवन झालेले होते. सॅली गोल्डनबॉमची डेथ बाय कॅश्मीर आणि क्रोशावर आधारलेली बेटी हेक्टमनची हुक्ड ऑन मर्डर (दोन्ही २००८) यांसारख्या पुस्तकांची मग रीघच लागली. शीर्षकातील कोट्या हे या मालिकांचे व्यवच्छेदक लक्षण होय. न्यूझीलंडच्या नायो मार्शने लोकरीच्या गठ्ठ्यात प्रेत ठेवून डाइड इन द वूल (१९४५) अशी कोटी पूर्वीच करून ठेवली होती.

या कादंबऱ्यांतील दुकान हे खरे कथाकेंद्र असते. लोकरीच्या दुकानातील टेबलाभोवती वय, उत्पन्न व शिक्षण यांनी भिन्न असलेल्या स्त्रिया हातात काम घेऊन बसतात. सर्वांचे डोळे कामाकडे असल्याने एरवी न बोलली जाणारी गोष्टही बोलली जाते. नायिका बहुधा नवखी असते. ती टाके घालावयास शिकते तसतसा वाचकही शिकतो आणि पुस्तकाच्या अखेरीस एखादा नमुनाही त्याला मिळतो. ज्यांचा विरंगुळा इतरत्र चेष्टेचा विषय होतो, अशा वाचकांना आपले कौशल्य येथे गांभीर्याने घेतलेले दिसते. तथापि अनेक मालिकांत सुईकाम हे केवळ पार्श्वभूमी म्हणून येते. गुन्हेगार उघडकीस येतो तो चोरून ऐकलेल्या संभाषणामुळे अथवा शेवटी त्याने स्वतःच दिलेल्या कबुलीमुळे. टाका वाचून काढलेला निष्कर्ष त्यांत शोधूनही सापडत नाही, आणि दुकान लोकरीऐवजी फुलांचे असते तरी कथानकात फरक पडला नसता. लेसच्या तुकड्याची ओळख पटविण्यासाठी लेस विणणाऱ्यांकडेच जावे लागते अशा फेरिसच्या कादंबऱ्या म्हणूनच सरस वाटतात.

ग्लास्पेलची कथा दीर्घकाळ विस्मृतीत होती. १९७३ मध्ये साहित्यातील स्त्रीप्रतिमांविषयीच्या एका संकलनात ती पुन्हा छापली गेल्यावर स्त्रीवादी अभ्यासकांचे लक्ष तिच्याकडे वळले. १९८० मध्ये सॅली हेकेल हिने तिच्यावर लघुपट केला. अमेरिकेतील विधी-अभ्यासक्रमांतही पुरावा कोण व कसा वाचतो या प्रश्नाच्या संदर्भात ती शिकविली जाते.