बाळंतिणीचे लाडू आणि सव्वा महिन्याची तयारी

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायच्या आधीच शहापूरच्या घरांत डिंक, खारीक, खोबरे येऊन पडते. शेजारची कानडी घरे याच लाडवांना ‘अंटिन उंडे’ म्हणतात आणि बाळंतिणीसाठीच करतात.

आमच्याकडचे प्रमाण असे: डिंक, खारकेची पूड व तूप प्रत्येकी पाव किलो, किसलेले सुके खोबरे आणि गूळ अर्धा-अर्धा किलो, खसखस 100 ग्रॅम, सुंठ-जायफळ बेताने. डिंक थोडा थोडा करून तुपात फुलवावा. आत कच्चा राहिला तर दाताला चिकटतो. पाक पक्का झाला की लाडू फुटत नाहीत, हेही लक्षात असू द्यावे. एवढ्यात मध्यम आकाराचे चाळीसेक लाडू होतात, म्हणजे रोज एक धरला तर सव्वा महिना निघतो. (बँकेत आयुष्य गेले, हिशेब सुटत नाही.) अळिवाचे लाडू ओल्या नारळाचे, म्हणून ते तीन-चार दिवसांपुरतेच करावेत.

मात्र लाडू आहेत म्हणून जेवणात काटछाट नको. पाणी मोजून द्यायचे, भाजी बंद करून नुसता तूप-भात वाढायचा, हा शिरस्ता काही घरांत अजून चालतो. तो सोडावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. अंगावर पाजणाऱ्या आईला तहान जास्त लागते. मागेल तेवढे पाणी द्यावे. ताटात वरण, मेथी, शेपू, ताक आणि चालत असेल तर अंडी-मासे असावेत. जेवणानंतर बाळंतशेपा, ओवा खुशाल द्या. लोहाच्या गोळ्या प्रसूतीनंतर 180 दिवस घ्यायच्या असतात. त्या चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नयेत. लाडू काही गोळ्यांची जागा घेत नाहीत.

शेक द्यायचा तर दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी खोलीत ठेवू नका. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, पण तो जीव घेतो. बाळाला सहा महिने आईचेच दूध. मध, गुटी, वरचे पाणी काही नको.

ताप, वाढता रक्तस्राव, असह्य डोकेदुखी किंवा झटके आले तर ‘वारा लागला’ म्हणत घरी थांबू नये, 108 ला फोन करावा. दोन आठवडे उलटूनही बाळंतीण उदास असेल, रडत असेल, तर डॉक्टरांना सांगावे.

रात्री बाळाला कोण घेणार, हे घरात आधीच ठरवावे. भेटायला जाणाऱ्यांनी झबली-टोपड्यांबरोबर एखाद्या दिवशी भाजी-भाकरीचा डबा न्यावा, आणि अर्ध्या तासात उठावे.