सालारजंग: तारणहार की फितूर?

जालन्याहून सिंदखेडराजाला निघालात की तासाभराच्या आत तुम्ही मराठवाड्यातून विदर्भात शिरता. माती तीच, कापूस तोच. मग मध्ये ही हद्द कुठून आली? मुळात १८५३ च्या तहातून. कंटिन्जंट फौजेचा खर्च थकला म्हणून इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड ताब्यात घेतलं. जालना निजामाकडे राहिलं, बुलढाणा गेलं.

तहानंतर काही दिवसांतच निजामाचे दिवाण सिराज-उल-मुल्क वारले. त्यांच्या जागी आला त्यांचा २४ वर्षांचा पुतण्या, मीर तुराब अली खान. सालारजंग हा त्यांचा किताब. आपल्या वयाच्या पोरानं चार्ज घेतला तेव्हा तिजोरी रिकामी होती आणि राज्य सावकारांकडे गहाण.

तेव्हा तालुकदार म्हणजे चक्क ठेकेदार, बरं का. एका भागाचा सारा वसूल करायचा मक्ता घ्यायचा, सरकारला ठरलेली रक्कम द्यायची आणि रयतेकडून निघेल तेवढं काढायचं. सावकारांच्या पदरी अरब आणि रोहिले शिपाई असायचे. सालारजंगांनी मक्ते मोडत आणले, पगारी अधिकारी नेमले आणि १८६५ मध्ये जिल्हाबंदी करून जिल्हे-तालुक्यांची नीट घडी बसवली. आमच्या भाषेत सांगायचं तर चालू सिस्टिम बंद न पाडता आतला कोड बदलला. जहागिरी मात्र तशाच राहिल्या. त्या जायला १९४९ उजाडलं.

आता १८५७. औरंगाबादच्या छावणीतल्या घोडदळानं बंड केलं, ते चिरडलं गेलं. १७ जुलैला हैदराबादेत तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन रोहिल्यांना घेऊन ब्रिटिश रेसिडेन्सीवर चालून गेले. सालारजंगांनी रेसिडेंटला आधीच खबर दिली होती. हल्ला फसला. तुर्रेबाज खान पुढे मारले गेले, मौलवींना अंदमानला धाडलं.

फितुरीचा शिक्का बसला तो इथे. सालारजंगांवर जीवघेणे हल्लेही झाले. त्यांची बाजू घेणारे म्हणतात, हैदराबाद बंडात उतरलं असतं तर दिल्लीचं झालं तेच इथे झालं असतं. असेल. पण दिवाणानं राज्य वाचवलं आणि त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली, हे त्यानं खोटं ठरत नाही.

इंग्रजांनी परतफेड केली, पण हात राखून. १८६० मध्ये नळदुर्ग आणि रायचूर दुआब परत दिले, ५० लाखांचं कर्ज माफ केलं. वऱ्हाड नाही. सालारजंगांना नेमकं तेच हवं होतं! त्यासाठी ते १८७६ मध्ये थेट इंग्लंडला गेले. मानसन्मान भरपूर झाला, वऱ्हाड मिळालं नाही. १८८३ मध्ये पटकीनं ते वारले. पुढे १९०२ मध्ये कर्झननं वर्षाला २५ लाखांच्या बोलीवर वऱ्हाड कायमचंच भाडेपट्ट्यानं घेतलं.

त्याच काळात चीनमध्ये ली होंगझांग हेच भोगत होते. कारखाने, आरमार त्यांनी उभं केलं, पण १८९५ मध्ये जपानपुढे हार पत्करून शिमोनोसेकीच्या तहावर सहीही त्यांनाच करावी लागली. तिथेही वाद तोच: देश सावरला की विकला?

माझं विचाराल तर मक्तेदारी मोडणं हे सालारजंगांचं खरं काम. त्यांना सरसकट फितूर म्हणणं मला पटत नाही. पण त्यांनी वाचवलेल्या त्याच निजामी राज्यातून सुटायला आपल्या मराठवाड्याला १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत थांबावं लागलं, हेही त्यांच्याच खात्यात जातं. दोन्ही नोंदी ठेवा, एक खोडून दुसरी लिहू नका.

हैदराबादला गेलात तर एक लक्षात असू द्या. सालारजंग म्युझियममधला बहुतेक संग्रह त्यांचा नाही, नातवाचा, म्हणजे तिसऱ्या सालारजंगांचा. आणि जुनी रेसिडेन्सी आहे त्या कोठी भागात तुर्रेबाज खान यांच्या नावाचा रस्ता आहे, तोही बघून या.

पुढच्या एपिसोडमध्ये आपल्याच भोकरदन तालुक्यातलं असई, १८०३. भेटू!