रताळे लागवड: जमिनीची पूर्वमशागत आणि सरी-वरंबे

रताळ्याचे उत्पादन वेल किती पसरला यावर नाही, तर जमिनीत मुळे किती सहज फुगतात यावर ठरते. वरून हिरवेगार दिसणारे रान काढणीला बोटाएवढी, वाकडी रताळी देते, तेव्हा कारण बहुतेक वेळा लागवडीपूर्वीच्या मशागतीत सापडते. लागवडीनंतर खत-पाण्याची चूक थोडीफार सुधारता येते, पण खाली राहिलेला घट्ट थर उभ्या पिकात फोडता येत नाही.

जमिनीची निवड

मध्यम, भुसभुशीत, उत्तम निचऱ्याची, वाळूमिश्रित पोयट्याची जमीन रताळ्याला सर्वांत चांगली. सामू ५.५ ते ६.५ असावा. भारी काळ्या जमिनीत पाणी साचून मुळे कुजतात, ताण पडला की जमिनीला भेगा जातात आणि काढणीत रताळी तुटतात. अशी जमीन असेल, तर तिचा त्यातल्या त्यात उताराचा भाग निवडा आणि वरंबे उंच ठेवा.

निचरा तपासायची सोपी पद्धत अशी: शेतात फूटभर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, ते मुरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचे पाणी दुसऱ्या दिवशीही तसेच उभे असेल, तर त्या ठिकाणी रताळे घेऊ नका.

नांगरट

लागवडीच्या महिनाभर आधी २० ते २५ सें.मी. खोल नांगरट करून रान तापू द्या. नंतर ढेकळे फोडून कुळवाच्या दोन पाळ्या द्या. हरळी, लव्हाळ्याच्या गाठी आणि आधीच्या पिकाची धसकटे वेचून बाहेर टाका.

दोन गोष्टी टाळा. पहिली, ओल्या रानात ट्रॅक्टर घालणे. मूठभर माती दाबून पाहा. लाडू होऊन तो सहज फुटला तर वाफसा आहे. चिकटून राहिला तर थांबा. दुसरी, दरवर्षी फक्त रोटाव्हेटर फिरवणे. त्याने वरची माती पिठासारखी होते, पण खालचा थर घट्टच राहतो. मुळे तिथे अडतात आणि रताळी आखूड व वाकडी होतात.

खते

शेवटच्या कुळवणीपूर्वी एकरी ४ ते ५ टन पूर्ण कुजलेले शेणखत मिसळा. कच्चे शेणखत घालू नका, त्यातून हुमणी येते.

माती परीक्षण झालेले नसेल, तर एकरी ३० किलो नत्र, २० किलो स्फुरद आणि ३० किलो पालाश हे प्रमाण धरता येते. म्हणजे सुमारे ६५ किलो युरिया, १२५ किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ५० किलो म्युरेट ऑफ पोटॅश. सगळे स्फुरद व पालाश आणि निम्मे नत्र लागवडीवेळी, उरलेले नत्र महिन्याने भर देताना द्या. नत्र जास्त झाले की वेल माजतो आणि रताळी बसत नाहीत. सुपीक, आधी भरपूर खत खाल्लेल्या रानात युरिया कमी करा.

सरी-वरंबे

वरंब्यात मोकळ्या मातीची खोली वाढते, जास्तीचे पाणी सरीतून निघून जाते आणि काढणी सोपी होते.

- दोन वरंब्यांत ६० सें.मी. अंतर ठेवा. भारी जमिनीत ते ७५ सें.मी.पर्यंत न्या.
- वरंब्याची उंची २५ ते ३० सें.मी. असावी. पावसाने माती बसते, म्हणून खरिपात सुरुवातीलाच थोडी जास्त उंची घ्या.
- माथा टोकदार न ठेवता थोडा सपाट करा. ओल टिकते आणि बेणे नीट बसते.
- कोरडवाहू, उताराच्या रानात सऱ्या उताराला आडव्या काढा. बागायतीत हलक्या उताराने, पण आखूड ठेवा.
- पाणी वरंब्याच्या निम्म्या उंचीपर्यंतच द्या. ओल झिरपून माथ्यापर्यंत पोचते. माथ्यावरून पाणी गेले की वरंबा ढासळतो.

बेणे लावताना

निरोगी वेलाच्या शेंड्याकडील २० ते ३० सें.मी. लांबीचे तुकडे घ्या. सावलीत एक-दोन दिवस ठेवून ६० × २० सें.मी. अंतरावर, दोन-तीन डोळे मातीत जातील असे तिरपे लावा. या अंतराने एकरी सुमारे ३३ हजार तुकडे लागतात. कोकणासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण अश्विनी' ही जात आहे. पीक साधारण साडेतीन ते चार महिन्यांत तयार होते. महाशिवरात्रीचा बाजार धरायचा असेल, तर त्या हिशेबाने ऑक्टोबरमध्येच वरंबे तयार हवेत.

भर का चुकवू नये

लागवडीनंतर दुसऱ्या आणि पाचव्या आठवड्यात खुरपणी करून वरंब्याला मातीची भर द्या. सोंड्या भुंग्याला खोल माती उकरता येत नाही. तो भेगांतून आणि उघड्या पडलेल्या रताळ्यांपर्यंत पोचतो. त्याची अळी लागलेले रताळे कडू होते, ते माणसालाही चालत नाही आणि जनावरालाही घालू नये. भेगा बुजवणे आणि उघडी रताळी झाकणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. काढणीनंतर राहिलेली रताळी व वेल वेचून नष्ट करा आणि त्याच रानात लगेच पुन्हा रताळे घेऊ नका.

लागवडीच्या आदल्या दिवशी चार-पाच ठिकाणी वरंब्यात हातभर काठी दाबून पाहा. ती फारसा जोर न लावता फूटभर आत गेली, तर रान तयार आहे. मध्येच अडली, तर बेणे एक-दोन दिवस सावलीतच राहू द्या, तेवढा पट्टा कुदळीने मोकळा करून वरंबा पुन्हा ओढा आणि मगच लागवड करा.